पाचशे माणसं आणि बाजूला झालेले डझनभर : दुष्टपणा माणसात मुळातच असतो का?

तळ्यात_मळ्यात (धागाकर्ता)

१३ जुलै १९४२ची पहाट. पोलंडमधलं जोझेफूव नावाचं गाव. जर्मन राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी ट्रकमधून उतरली. पाचशेच्या आसपास माणसं. बहुतेक हॅम्बुर्गची, चाळिशीकडे झुकलेली, वय जास्त म्हणून सैन्यात न घेतलेली. कुणी गोदीत काम करणारा, कुणी ड्रायव्हर, कुणी कारकून. घरी बायकापोरं.

त्यांचा मेजर ट्राप त्यांच्यापुढे उभा राहिला. त्याचा गळा दाटून आला होता, असं नंतर अनेकांनी सांगितलं. हुकूम असा होता : गावातले ज्यू गोळा करायचे, कामाला येतील असे पुरुष वेगळे काढायचे, बाकीच्यांना, म्हणजे बायका, मुलं, म्हातारे यांना, गोळ्या घालायच्या. हे सांगून झाल्यावर तो म्हणाला की वयाने मोठ्या असलेल्यांपैकी ज्याला हे झेपणार नाही, त्याने बाजूला व्हावं.

डझनभर माणसं बाजूला झाली. रात्र पडेपर्यंत सुमारे दीड हजार माणसं मारली गेली.

हे कळलं कसं? तर १९६०च्या दशकात हॅम्बुर्गला या तुकडीची चौकशी झाली, शेकडो पानांचे जबाब झाले. ब्राउनिंग या अमेरिकन इतिहासकाराने ते वाचून १९९२मध्ये सगळं मांडलं. त्यातली मला सर्वांत टोचलेली गोष्ट म्हणजे नकार दिला म्हणून कुणाला गोळी घातली नाही की तुरुंगात टाकलं नाही. आणि तरीही बहुसंख्य लोक गेले.

माझं मत सरळ सांगतो. दुष्ट नावाची वेगळी जमात नसते. तो ऐवज आपल्या प्रत्येकात आहे, संधी मिळाली की बाहेर येतो. तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही त्या रांगेत असता तर? (खरं लिहा. इथे आयडी खोटाच आहे, उत्तर तरी खरं असू दे.)

---

पावशेर_डोकं

सकाळी चहाबरोबर उघडला धागा. चहा तसाच राहिला.

---

रानजाई

अजिबात पटलं नाही. "सगळ्यांतच असतं" म्हटलं की कुणालाच जाब विचारायला नको. छान सोय आहे.

त्याच तुकडीवर गोल्डहागेन या अमेरिकन अभ्यासकाने १९९६मध्ये लिहिलं आणि ब्राउनिंगला आडवं घेतलं. त्याचं म्हणणं, ही "सामान्य माणसं" वगैरे काही नाही, वर्षानुवर्षं ज्यूंचा द्वेष पाजलेली माणसं होती, म्हणून हात कापला नाही. गोल्डहागेनचं सगळंच मला मान्य नाही, जरा एकारलेला आहे तो. पण समोर जर्मन बायका-मुलं असती तर याच लोकांनी गोळ्या घातल्या असत्या का? हा प्रश्न त्याने विचारला आणि तो काही उगाच नाही.

---

सदू_खोडकर

रांगेत मी असतो तर पोट बिघडलं म्हणून सांगितलं असतं. आयुष्यभर हाच उपाय केला आहे, लग्नाकार्यातसुद्धा.

---

तळ्यात_मळ्यात

सदू, हसू नका, हे तिथे खरंच झालं. रांगेतून उघड बाहेर न पडता पुष्कळ जण नंतर सटकले. कुणी घरांची झडती घेण्यात वेळ काढला, कुणी दोनचार फेऱ्यांनंतर सार्जंटला म्हणाला की आता जमत नाही. सगळे धरले तर दहा ते वीस टक्के.

---

डॉक्_मंगळवार

व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ आहे म्हणून दोन गोष्टींची गल्लत होऊ नये इतकंच लिहितो.

पहिली, आजार आणि दुष्टपणा. मुंबईत साठच्या दशकात फुटपाथवर झोपलेल्यांना मारणारा रामन राघव आठवत असेल. १९६९मध्ये फाशी सुनावली, पण तपासणीनंतर त्याला जुनाट स्किझोफ्रेनिया असल्याचं ठरलं आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५मध्ये तो ससूनमध्ये वारला. त्याच्याकडे बोट दाखवून "बघा, माणसातला राक्षस" म्हणणं चूक आहे. आमच्याकडे येणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी फार थोडे हिंसक असतात. उलट मार खाणारे जास्त.

दुसरी, सायकोपॅथी. ही मात्र वेगळी चीज आहे. दुसऱ्याच्या वेदनेचं काही वाटतच नाही, पश्चात्ताप नाही, गोड बोलणं भरपूर. रॉबर्ट हेअर यांची यादी वापरतात, २० मुद्दे, प्रत्येकी दोनपर्यंत गुण, ४०पैकी ३० मिळाले की शिक्का. लोकसंख्येत अशी माणसं साधारण एक टक्का धरतात. त्यातले बहुतेक खून करत नाहीत. पण एक टक्क्याने जोझेफूव होत नाही. पाचशेत पाच माणसं झाली. बाकीच्यांचं काय, हाच धागाकर्त्याचा प्रश्न आहे आणि त्याला आमच्या शास्त्रात निदान नाही.

मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आठवा, येल, १९६१. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की विजेचा झटका द्यायचा. झटके खोटे होते, देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. ४०पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण त्याने प्रयोगाचे पुष्कळ प्रकार केले होते. हुकूम देणारा खोलीत नसून फोनवर असला की शेवटपर्यंत जाणारे वीस टक्क्यांवर आले. आणि शेजारी बसलेल्या दोघांनी (ते आतले लोक होते) "आम्ही नाही करणार" म्हणून उठून दाखवलं, तेव्हा ४०पैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले. तशीच माणसं, तेच यंत्र.

---

सदू_खोडकर

डॉक, ती २० मुद्द्यांची यादी मिळेल का? आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला भरायची आहे.

---

डॉक्_मंगळवार

प्रशिक्षण नसलेल्याने भरायची नसते. आणि माझ्या अनुभवात सोसायटीचे सेक्रेटरी आठाच्या वर जात नाहीत. फक्त वैताग देतात.

---

कट्यार_काळी

स्टॅनफर्डचा तुरुंगप्रयोग विसरलात. १९७१. साधी कॉलेजची पोरं, काही रक्षक केली, काही कैदी. रक्षकांनी कैद्यांचा असा छळ मांडला की सहा दिवसांत थांबवावं लागलं. विषय संपला.

---

डॉक्_मंगळवार

मुद्दाम लिहिला नाही. त्यात रक्षकांना कसं वागायचं ते आधीच सुचवलं होतं, हे अभिलेखातल्या ध्वनिफितींवरून आता पुढे आलं आहे. त्यावर इमारत बांधू नका.

---

शनिवारपेठी_आजोबा

आपण सगळे हुकमाच्या ताबेदारांबद्दल बोलताय. मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांना कुणीही हुकूम दिला नव्हता.

१९७६-७७मध्ये मी पुण्यात नोकरीला होतो. जोशी-अभ्यंकर हत्याकांड. तरुण मंडळींना नाव माहीत असेल, हवा माहीत नसेल. दिवेलागणीला लक्ष्मी रोड ओस पडायचा. ज्या वाड्यांची दारं जन्मात लागली नव्हती त्यांना कड्या आल्या. दुधवाल्याला सुद्धा आधी "कोण?" विचारायचे. वर आणीबाणी, त्यामुळे वर्तमानपत्रात किती छापून येतंय आणि किती नाही यावर कुणाचा विश्वास नाही.

जानेवारी ७६ ते मार्च ७७, दहा खून. त्यात एका संस्कृत पंडिताचं अख्खं घर, म्हातारे आजोबा-आजी आणि नातवंडांसकट. आणि पकडले कोण गेले? चित्रकला महाविद्यालयात शिकणारे चौघे. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला मुलगा. २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात चौघांना फाशी दिली.

तर मला सांगा, यांच्यावर कुठला मेजर होता? कुठलं युद्ध? गरिबीने पिचलेलेही नव्हते. पैसे हवे होते, दारू हवी होती, आणि एकदा जमलं म्हणून पुन्हा. मी काही शास्त्र शिकलेला नाही. पण तेव्हा आम्ही जे पाहिलं त्याला मी दुष्टपणाच म्हणतो आणि परिस्थितीच्या खात्यावर टाकायला तयार नाही.

---

रानजाई

आजोबा, +१००. परिस्थितीने सगळं समजावता येतं असं मानणाऱ्यांना हे चौघे फार अडचणीचे आहेत.

---

डॉक्_मंगळवार

आजोबा, नाकारत नाही. एकच भर. चौघे *एकत्र* होते. त्यांच्यातल्या कुणी एकट्याने हे पुन्हा पुन्हा केलं असतं का, मला शंका आहे. टोळीत प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून एक पाऊल पुढे टाकतो.

---

शनिवारपेठी_आजोबा

असेल. पण त्यांच्याच कंपूतला एक जण पुढे माफीचा साक्षीदार झाला. टोळी त्यालाही होती की हो!

---

जर्सीसिटीची_मामी

मी लहान मुलांच्या पाळणाघरात काम करते, त्यामुळे माझं मत खालून वर जातं. दोन वर्षांचं पोर दुसऱ्याच्या हातातलं खेळणं ओढतं, ते देईना झालं तर चावतं, आणि ते रडायला लागलं की स्वतःचं पांघरूण नेऊन देतं. सगळं पाच मिनिटांत. आता याला चांगलं म्हणायचं की वाईट?

येलमध्ये २००७ला बाळांवर अभ्यास झाला होता. सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना टेकडी चढणारं एक लाकडी बाहुलं दाखवायचं, एक जण त्याला वर ढकलतो, एक जण खाली लोटतो. मग दोन्ही पुढे धरायचे. बाळं बहुतेक मदत करणाऱ्याला हात घालत. मला फार आवडला होता, सगळ्या आयांना सांगत सुटले होते. पण अलीकडे पुष्कळ प्रयोगशाळांनी मिळून शेकडो बाळांवर तोच करून पाहिला तेव्हा तसं काही दिसलं नाही. त्यामुळे बाळाच्या पोटात चांगुलपणा भरलेला असतो हे सांगणं मी बंद केलंय. वाईटपणा भरलेला असतो हे तर कधीच सांगितलं नव्हतं.

---

ओवी_वाचक

आपल्याकडे याचं उत्तर कधीच देऊन झालं आहे. ज्ञानेश्वरांनी खळ नाहीसे व्हावेत असं मागितलं नाही. त्यांच्यातला वाकडेपणा गळावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, इतकंच मागितलं. म्हणजे वाकडेपणा स्वभाव नव्हे, वर चढलेला आहे.

---

पावशेर_डोकं

पसायदान कितव्या प्रतिसादाला येतंय याची वाट बघत होतो. पंधराव्याला आलं. आता वाल्या कोळी.

---

ओवी_वाचक

टिंगल करा. पण ज्या गीतेवर त्यांनी लिहिलं तिच्या सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी अशी माणसांची सरळ विभागणी आहे, आणि आसुरी लोकांना पुन्हा पुन्हा आसुरी योनीतच टाकतो असं भगवंत म्हणतात. त्यावर टीका लिहिणारा माणूस शेवटी खळांसाठी मागणं मागतो. हे मला लहान वाटत नाही.

---

पावशेर_डोकं

हं. हा मुद्दा घेतला. टिंगल मागे.

---

वैनगंगा_काठचा

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी भंडारा जिल्ह्यातला. २९ सप्टेंबर २००६ला खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. आई, मुलगी, दोन मुलं. मारणारे गावातलेच. वाद शेतातल्या रस्त्याचा आणि आधीच्या एका साक्षीचा. मुलगी शिकत होती, अभ्यासात पुढे होती, तेही डोळ्यांत होतं. २००८मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी ठरवलं, सहांना फाशी. २०१०मध्ये नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली. आणि अॅट्रॉसिटीचं कलम दोन्हीकडे टिकलं नाही.

आता या धाग्यावर "मानवी स्वभाव" वगैरे चाललंय. मला इतकंच विचारायचं आहे की हा मानवी स्वभाव नेहमी एकाच दिशेला का वाहतो? वरच्याचा खालच्यावर. जर्मनाचा ज्यूवर. माणूस मुळातच दुष्ट असता तर कधीतरी उलटंही सारख्याच प्रमाणात झालं असतं की नाही? आमच्याकडे त्या दिवशी ज्यांनी हात उचलला त्यांना काय माहीत होतं? की या घरासाठी कुणी धावून येणार नाही. ते माहीत असणं त्यांना जन्मापासून शिकवलेलं होतं. स्वभाव म्हटलं की जात सुटते.

---

कट्यार_काळी

आली जात! प्रत्येक धाग्यात आणलीच पाहिजे का? धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण, करू नका.

---

रानजाई

कट्यार, जोझेफूवच्या धाग्यात ज्यूंचा द्वेष आला तेव्हा तुम्हाला खटकलं नाही. खैरलांजीत जात आली की काश्मीर होतो?

वैनगंगा, लिहिलंत ते बरं केलंत. मी गोल्डहागेनच्या निमित्ताने जे चाचपडत होते ते तुम्ही नेमकं मांडलंत.

---

(संपादक)

दोन प्रतिसाद उडवले आहेत. वैयक्तिक रोख नको. चर्चा चालू ठेवा.

---

तळ्यात_मळ्यात

वैनगंगा, "एकाच दिशेला का" याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी इतकंच म्हणेन की दिशा समाज ठरवतो, पण वाहायला आत काहीतरी लागतंच. रवांडात १९९४मध्ये शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, पुष्कळशी कोयत्यांनी, आणि मारणारे कितीतरी ठिकाणी शेजारीच. रेडिओवरून चिथावणी चालू होती, हे खरं. पण कोयता रेडिओने धरला नव्हता.

---

माणदेशी_गडी

मी आटपाडीचा. आमच्याकडं या प्रश्नाचं एक उत्तर १९३९पासनं जमिनीवर उभं आहे, म्हणून लिहितो.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. कैद्यांची. भिंत नाही, दाराशी बंदूकवाला नाही. तेव्हा आम्ही औंध संस्थानात. राजा भवानराव पंतप्रतिनिधी, तेच ते सूर्यनमस्कारवाले. त्यांच्या संस्थानात मॉरिस फ्रिडमन नावाचा एक इंजिनिअर येऊन राहिला होता, गांधींच्या नादानं खादी घालणारा. त्यानं राजाला पटवलं की खुनातले कैदी मला द्या, मी त्यांना बायकापोरांसकट उघड्यावर ठेवतो, शेती करू द्या. राजानं दिले. शांतारामबापूंचा "दो आँखें बारह हाथ" त्यावरनंच निघाला, कथा आमच्या माडगुळ्याच्या गदिमांची. वसाहत अजून चालू आहे.

आता धागाकर्त्याला मजा सांगतो. तुमचं जोझेफूव पोलंडात. हा फ्रिडमन कुठला? वॉर्साचा. आणि ज्यू. तो इकडं माणदेशात खुन्यांवर भरवसा टाकत होता आणि तीन वर्षांनी तिकडं त्याच्या मुलखात ते चाललं होतं.

लहानपणी तिथल्या माणसांकडनं भाजी घेतलीय आम्ही. घरच्यांनी कधी लांबनं जा म्हणून सांगितलं नाही. बांधाच्या भांडणात कुऱ्हाड चाललेला माणूस पुन्हा बांधावर काम करताना बघितला की "मुळातच दुष्ट" हे तोंडातनं निघत नाही बघा.

---

शनिवारपेठी_आजोबा

स्वतंत्रपूरबद्दल वाचून बरं वाटलं. पण तिथे निवडून पाठवतात ना? वागणूक बघून, काही वर्षं आत काढल्यावर. आमच्या चौघांना कुणी पाठवलं असतं का?

---

माणदेशी_गडी

निवडूनच येतात आजोबा, खोटं कशाला बोलू. त्या चौघांना नसतं पाठवलं. मीबी नसतं पाठवलं.

---

पंचगंगा

अवांतर : पोलंडवरून आठवलं. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं. रशियाने सैबेरियात नेऊन टाकलेले हे लोक इराणमार्गे इकडे आले. बायका आणि पोरंच जास्त. आजी सांगायची, गोऱ्या बायका गावातल्या बाजारात मराठीत भाव करायच्या.

---

सदू_खोडकर

कोल्हापुरी मराठीत भाव करणारी पोलिश बाई! तिच्यापुढे भाजीवालीने हात टेकले असणार.

---

जर्सीसिटीची_मामी

धाग्यावर परत येऊ या का? मला एक कुतूहल आहे. आपण मारणाऱ्या पाचशेंबद्दल इतकं बोललो. ते डझनभर लोक बाजूला का झाले? ते काय जास्त चांगले होते?

---

तळ्यात_मळ्यात

मामी, हे मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं, सगळ्यांत रोचक भाग हाच आहे.

मेजरने विचारल्यावर आधी *एकच* माणूस पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्यावर भडकला, आपल्या कंपनीतला पहिला माणूस फुटला म्हणून. मेजरने कॅप्टनला गप्प केलं आणि त्या माणसाला पाठीशी घातलं. ते दिसल्यावर बाकीचे दहा-बारा पुढे झाले.

दुसरा एक राखीव लेफ्टनंट होता, हॅम्बुर्गमध्ये लाकडाचा धंदा असलेला. त्याला आदल्या रात्रीच कळलं होतं. त्याने तेव्हाच सांगितलं की निराधार बायकामुलांना गोळ्या घालण्यात मी नसेन, मला दुसरं काम द्या. दिलं. पुढे जबाबात त्याने कारण काय सांगितलं? आपण फार धर्मात्मा वगैरे नाही. त्याचं म्हणणं साधारण असं, की माझा स्वतःचा धंदा होता, पोलिसात बढती मिळाली नाही तरी माझं काही अडत नव्हतं. बाकीचे कॅप्टन तरुण होते, त्यांना त्या नोकरीत वर चढायचं होतं. शिवाय धंद्यामुळे ज्यू लोकांशी ओळखी होत्या.

जे बाजूला झाले नाहीत त्यांच्यापैकी पुष्कळांनी सांगितलं की सगळ्यांसमोर भित्रा ठरायचं नव्हतं.

---

डॉक्_मंगळवार

म्हणजे मिलग्रॅमचे ते ४०पैकी चार. शेजारचा उठला की उठता येतं. तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या "तो ऐवज आपल्या प्रत्येकात आहे" याला हा पुरावा विरोधात जातो, लक्षात येतंय का? मेजरने त्या पहिल्या माणसाला झापलं असतं तर डझनाऐवजी शून्य झाले असते. त्याने विचाराला चार मिनिटं जास्त दिली असती तर कदाचित पन्नास.

---

तळ्यात_मळ्यात

येतंय. पण त्याच मेजरने नंतर पूर्ण तुकडी कामाला लावली, दिवसभर रडत. १९४८मध्ये पोलंडने त्याला मृत्युदंड दिला. तो चांगला की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

---

वैनगंगा_काठचा

मला ठरवता येतं. रडला म्हणून दीड हजारांतला एकही वाचला नाही.

आणि त्या लाकूडवाल्याचं कारण मला सर्वांत पटलं. ज्याचं पोट कुणाच्या हातात नाही तो नाही म्हणू शकतो. खेड्यात पुष्कळ जण नुसते गप्प बसतात, कारण सकाळी मजुरी त्याच वाड्यावर मागायची असते. त्यांच्याबद्दल मला राग आहे, पण हात उचलणाऱ्यांच्या रांगेत मी त्यांना बसवणार नाही.

---

रानजाई

यावर खरं तर वेगळा धागा व्हायला हवा, गप्प बसणाऱ्यांवर. वैनगंगा, काढाल का?

---

वैनगंगा_काठचा

धानकापणी चालू आहे. झाली की काढतो.

---

शनिवारपेठी_आजोबा

काढा. मी येईन. पण आमच्या चौघांचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.